जी. ए. ते बी. ए. : एका महिला विद्यापीठाची वाटचाल

‘गृहीतागमा’ हा शब्द आज कुणाला विचारला, तर एखाद्या अनवट रागाचे नाव असावे असे वाटून माणूस गप्प बसेल. ती एक पदवी होती. आगम म्हणजे शास्त्र. ते जिने ग्रहण केले ती गृहीतागमा. त्याच्याही पुढे गेली, दुसऱ्याला देण्याजोगे शास्त्र जिच्यापाशी आले, ती प्रदेयागमा. पत्रिकांवर आणि पाट्यांवर त्यांची जी. ए. आणि पी. ए. झाली. मुंबई विद्यापीठ त्या काळात बी. ए. आणि एम. ए. देत होते. धोंडो केशव कर्वे यांच्या विद्यापीठाने मात्र पदव्यांची नावेसुद्धा स्वतःच घडवली. पदवीला काय म्हणावे हे विचारायला वर कुणी बसलेले नव्हते, एवढेच त्याचे कारण.

आपण ज्याला एस. एन. डी. टी. म्हणतो त्या विद्यापीठाची ही गोष्ट आहे. सार्वजनिक आणि खासगी विद्यापीठांत अभ्यासक्रम कसे ठरतात यावर बोलायचे, तर महाराष्ट्रात याहून चांगला नमुना नाही. हे एकच विद्यापीठ पस्तीस वर्षे पूर्णपणे खासगी होते आणि त्यानंतर आजतागायत पूर्णपणे सार्वजनिक आहे. घर तेच, हेतू तोच, कारभारी बदलत गेले. कारभारी बदलला की वर्गात काय शिकवायचे तेही कसे बदलते, हे इथे सलग पाहायला मिळते.

सुरुवात एका पुस्तिकेने झाली. बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त जपानला जाऊन आले होते. तिथल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांनी पुण्याजवळच्या हिंगण्याला कर्व्यांकडे, म्हणजे अण्णांकडे, पाठवली. अण्णांनी ती आधी बाजूला ठेवून दिली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, भाषण तयार करायला घेतले, तेव्हा ती पुन्हा हाती पडली. भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढच्या सहा-सात महिन्यांत ते उभेही केले. ५ जुलै १९१६ ला वर्ग सुरू झाले ते पाच विद्यार्थिनींवर. (नारुसे जिंझो यांनी १९०१ मध्ये काढलेल्या त्या जपानी विद्यापीठालाही तिथल्या कायद्याने विद्यापीठाचा दर्जा दिला तो थेट १९४८ मध्ये. तोवर नावात विद्यापीठ आणि सरकारदरबारी एक विशेष शाळा, असाच त्याचा संसार चालला होता. अण्णांनी नमुना निवडला तोही विद्यापीठ म्हणून मान्यता नसलेलाच!)

मुंबई विद्यापीठात ही योजना का नाही नेली? तिथे मुलींना दार बंद नव्हते. कॉर्नेलिया सोराबजी १८८८ मध्येच पदवीधर झाल्या होत्या. अडचण दाराची नव्हती, आतल्या बैठकीची होती. १८५७ चे ते विद्यापीठ मुळात लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेण्यासाठी स्थापलेले. त्यात लॉर्ड कर्झन यांच्या १९०४ च्या कायद्याने सेनेटची संख्या पन्नास ते शंभर अशी आवळली आणि त्यांतले बहुतेक फेलो नेमण्याचा अधिकार सरकारी बाजूकडे ठेवला. अशा सभागृहात ‘सगळे विषय मराठीतून शिकवावे आणि मुलींसाठी गणित ऐच्छिक करावे’ असा ठराव कुणी मांडला असता, तर त्याला अनुमोदक मिळेपर्यंत विसावे शतक संपले असते.

अण्णांनी आपले सेनेट वेगळ्या पायावर उभे केले. ठरलेली वार्षिक वर्गणी जो भरील तो मतदार, आणि मतदारांनी निवडलेली माणसे सेनेटवर. पदवीधर असो वा नसो, प्रांत कोणताही असो. विद्यापीठाच्या कारभारात मत हवे तर सरकारची मर्जी लागत नव्हती, जमीनजुमला लागत नव्हता, वर्षाला थोडे रुपये लागत होते. म. गांधींकडे अण्णा गेले तेव्हा मातृभाषेतून शिक्षण या मुद्द्यावर दोघांचे पटले, पण इंग्रजी सक्तीची करण्याला गांधीजींचा विरोध होता. अण्णा मागे हटले नाहीत. मतभेद कायम ठेवून गांधीजींनी वर्षाला दहा रुपये वर्गणी देऊ केली. इंग्रजी अभ्यासक्रमात सक्तीचीच राहिली. दहा रुपयांत मतदार होता येत होते, अभ्यासक्रम विकत घेता येत नव्हता. वर्गणीदार गांधीजी असले तरीही नाही.

कुलपती डॉ. रा. गो. भांडारकर, कुलगुरू रँग्लर परांजपे. भांडारकर पूर्वी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले, परांजपे फर्ग्युसनचे प्राचार्य. म्हणजे जुनी व्यवस्था आतून पाहिलेली माणसेच नव्या व्यवस्थेच्या डोक्यावर होती. अण्णा स्वतः फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून १९१४ मध्ये निवृत्त झालेले. परांजपे तर केंब्रिजचे सीनियर रँग्लर. एक गणिताचे प्राध्यापक आणि एक रँग्लर अशा दोघांनी मिळून गणित ऐच्छिक केले, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. गणिताच्या जागी आले आरोग्यशास्त्र आणि गृहव्यवस्था. इतिहास, समाजशास्त्र वगैरे मराठीतून किंवा गुजरातीतून. ‘पुस्तके कुठे आहेत?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असे: शिकवू लागलो की तयार होतील.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कारभार मोकळा होता म्हणून त्यातून निघालेला प्रत्येक निर्णय पुढारलेलाच होता, असे नाही. मुलींचे आयुष्य वेगळे म्हणून त्यांचा अभ्यासक्रम वेगळा, हा विचार त्या काळातल्या कित्येक सुधारकांनाही खटकला होता. मुलग्यांना बीजगणित आणि मुलींना गृहव्यवस्था, ही वाटणी आज कुणी केली तर आपण तिला प्रतिगामी म्हणू. अण्णांचा युक्तिवाद व्यवहाराचा होता. जी मुलगी चौदाव्या-पंधराव्या वर्षी शाळेतून काढली जाते, ती परक्या भाषेत आणि गणितात नापास होऊन घरी बसण्यापेक्षा आपल्या भाषेत शिकून पदवीधर झालेली बरी. तो काही अंशी खरा ठरला. पहिली पदवी १९१९ मध्ये दिली गेली.

पण या मोकळीकीची किंमत होती आणि ती चालकांनी नव्हे, मुलींनी मोजली. जी. ए. झालेल्या मुलीची पदवी सरकार मानत नसे. पुढे दुसऱ्या विद्यापीठात शिकायचे तर पुन्हा पायरीपासून सुरुवात. सरकारी नोकरीत त्या कागदाला वजन नाही. अभ्यासक्रम आखणाऱ्यांना जे स्वातंत्र्य होते ते पदवी घेणाऱ्यांच्या वाट्याला अडचण म्हणून येत होते. खासगी विद्यापीठाच्या स्वायत्ततेचे गोडवे गाताना हा हिशेब सहसा मांडला जात नाही.

पैशांची ओढाताण तर होतीच. १९१६ नंतरची काही वर्षे अण्णा झोळी घेऊन हिंडत होते. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांची देणगी आली: १५ लाख रुपये. साडेतीन टक्क्यांच्या रोख्यांवर वर्षाला ५२,५०० रुपये व्याज. विठ्ठलदास आणि त्यांच्या पत्नी प्रेमलीलाबाई जपानला जाऊन तिथले महिला विद्यापीठ पाहून आले होते. अण्णांनी ते पुस्तिकेत पाहिले, ठाकरसींनी डोळ्यांनी. देणगीबरोबर नाव बदलले. भारतवर्षीय महिला विद्यापीठ हे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ झाले. नाथीबाई या विठ्ठलदासांच्या मातोश्री. १९३६ मध्ये मुख्यालयही पुण्याहून मुंबईला गेले.

मोठा देणगीदार आला की छोटे वर्गणीदार मागे सरतात. हे कुणी मुद्दाम करत नाही, आपोआप होते. ज्याच्या व्याजावर पगार होतात त्याचा शब्द बैठकीत जड पडतोच. तरीही ठाकरसींच्या बाजूने एक सांगायला हवे: मातृभाषेचे माध्यम आणि स्त्रियांसाठी वेगळे विद्यापीठ, हा मूळ गाभा त्यांच्या पैशाने मोडला नाही, उलट टिकला. मुंबईत आल्यावर गुजराती मुलींची संख्या वाढली. गुजरातेतल्या शहरांत महाविद्यालये जोडली गेली आणि तिथे गुजरातीतून शिकवले जाऊ लागले. कार्यक्षेत्र ठरवून देणारा कायदाच नसल्याने प्रांताची सीमा आड येत नव्हती. मान्यता नसण्याचा असाही एक फायदा होता.

अण्णा स्वतः थांबले नव्हते. १९२९ ते १९३२ या काळात, सत्तरी ओलांडल्यावर, ते युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका फिरून आले. टोकियोचे ते महिला विद्यापीठही अखेर पाहिले. परतताना आणले ते मुख्यतः परदेशस्थ हिंदी माणसांनी दिलेले छोटे छोटे आकडे. वर्गणीची सवय त्यांना सुटली नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने १९४९ मध्ये कायदा केला आणि १९५१ मध्ये विद्यापीठाला वैधानिक मान्यता मिळाली. प्रेमलीलाबाई ठाकरसी कुलगुरू झाल्या. येरवड्याच्या ‘पर्णकुटी’ बंगल्यात गांधीजी ज्यांच्याकडे राहत, त्याच या. हळूहळू गृहीतागमा गेली आणि बी. ए. आली. मुलींच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होता. पदवीला आता देशभर किंमत आली. पण ज्या दिवशी तुमची पदवी दुसऱ्याच्या पदवीइतकी समजली जाते, त्या दिवसापासून तुमचा अभ्यासक्रमही त्याच्या अभ्यासक्रमासारखा दिसू लागतो. समकक्षता हवी तर तास, विषय आणि परीक्षा यांचे माप सारखे पाहिजे. मराठीतून समाजशास्त्र शिकवणारे हे एकेकाळचे वेगळे विद्यापीठ इतरांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

सरकारी झाले की कल्पकता मरते, हे म्हणणे मात्र याच विद्यापीठाने खोटे पाडले. १९६१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण सुरू झाले, १९६४ मध्ये परिचर्येचे महाविद्यालय. आणि १९७४ मध्ये, ज्या वर्षी विधिमंडळाने या विद्यापीठाचा नवा कायदा केला त्याच वर्षी, नीरा देसाई यांनी इथे स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू केले. भारतातल्या विद्यापीठांतले ते पहिले. समाजशास्त्राच्या एका प्राध्यापिकेने विभागाच्या आधारावर उभी केलेली ती लहानशी जागा होती. गृहव्यवस्था हा विषय शिकवण्यासाठी जन्मलेल्या विद्यापीठात आता घरकामालाच श्रम का मानत नाहीत, हा प्रश्न अभ्यासाचा विषय झाला. मला या शंभर वर्षांतला हा सर्वांत मोठा शैक्षणिक निर्णय वाटतो आणि तो सार्वजनिक विद्यापीठात झाला, सार्वजनिक पगारावर असलेल्या अध्यापिकेने घेतला.

ते जमले कसे? केंद्राला जागा देणारे लोक विद्यापीठातच होते आणि त्यांना विषयाचे मोल कळत होते. पहिली राष्ट्रीय स्त्री-अभ्यास परिषद १९८१ मध्ये इथेच भरली. त्याच वर्षी या विद्यापीठाच्या माजी कुलगुरू माधुरी शहा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. पुढे आयोगाने इतर विद्यापीठांत स्त्री-अभ्यास केंद्रांना अनुदान द्यायला सुरुवात केली. मुंबईतल्या एका खोलीतला विषय देशाच्या योजनेत गेला, कारण खोलीतली माणसे आणि योजना करणारी माणसे यांच्यात अंतर फार नव्हते.

१९९४ ला ते अंतर वाढले. तोवर राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाला आपापला कायदा होता. १९९४ च्या कायद्याने सगळे एका छत्राखाली आणले. पुण्याला जो अंगरखा तोच कोल्हापूरला, तोच महिला विद्यापीठाला. बाह्या लांब पडल्या तर दुमडून घ्या. पाच वर्षांचा बृहत् आराखडा ही कल्पना या कायद्याने रुजवली. कोणत्या तालुक्यात कोणते महाविद्यालय, कोणता विषय, हे विद्यापीठाने आधी आराखड्यात लिहायचे आणि त्याबाहेर काही काढायचे नाही. कल्पना चांगली होती. प्रत्यक्षात आराखडा होतो तो मुख्यत्वे मागणीचे अर्ज पाहून.

काकोडकर, निगवेकर आणि ताकवले या तीन समित्यांच्या अहवालांनंतर आलेला २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यात अभ्यासक्रमाचा प्रवास कसा होतो ते एकदा जवळून पाहा. समजा, एका अध्यापिकेला ‘शहरी घरकामगार’ असा चार श्रेयांकांचा पेपर सुरू करायचा आहे. ती आराखडा लिहिते: घटक, तास, संदर्भ, मूल्यमापन. तो अभ्यास मंडळापुढे जातो. मंडळाची बैठक वर्षातून मोजक्या वेळा. कार्यसूचीवरचा पहिला विषय नेहमी एकच, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. तिचा पेपर नवव्या क्रमांकावर असतो. सातव्या क्रमांकावर परीक्षकांची यादी येते आणि तिथे दीड तास जातो. चहा होतो. लांबून आलेल्या सदस्यांना साडेचारची गाडी गाठायची असते. नववा विषय ‘मान्य’ अशा एका शब्दात उरकला जातो किंवा ‘पुढील सभेत’ या दोन शब्दांत. मान्य झाला तर विद्याशाखा, मग विद्या परिषद, पैसा लागत असेल तर व्यवस्थापन परिषद. यांतली एक बैठक चुकली की एक शैक्षणिक वर्ष गेले.

अडथळा कुणाच्या दुष्टपणाचा नाही. प्रत्येक पायरी कुणीतरी कधीतरी मनमानी केली म्हणून घातलेली आहे. पण नामनिर्देशित सदस्यांचे पारडे जड झाल्यापासून त्या पायऱ्यांवर बसलेली माणसे खालच्या वर्गाकडे कमी आणि वरच्या पत्राकडे जास्त पाहतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत ते दिसले. २० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय आला आणि मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह यांचे श्रेयांकांचे तक्ते राज्यभर एकाच साच्यात भरले जाऊ लागले. ज्या मंडळांना एक पेपर बदलायला दोन वर्षे लागत, त्यांनी अख्ख्या पदव्या काही महिन्यांत नव्याने मांडल्या. वेग होता, पण तो आदेशाचा होता. २०२१ च्या डिसेंबरात राज्याने उच्चशिक्षण मंत्र्यांना प्र-कुलपती करण्याचे विधेयक मंजूर केले होते आणि पुढच्या सरकारने ते मागे घेतले, हेही या संदर्भात आठवते. कुलगुरू कुणी नेमायचा यावर जितके रण माजते तितके अभ्यास मंडळ कुणी नेमायचे यावर माजत नाही.

मग खासगी विद्यापीठे? गेल्या दहा-बारा वर्षांत राज्यात ती बरीच निघाली. तिथे वर प्रायोजक संस्था, तिच्याकडे नियामक मंडळाची सूत्रे, खाली विद्या परिषद. अधिसभा, म्हणजे जुन्या भाषेत सेनेट, नाही. संलग्न महाविद्यालये नाहीत, त्यामुळे शेकडो प्राचार्यांची संमती गोळा करावी लागत नाही. डेटा सायन्सची पदवी जानेवारीत ठरते आणि जुलैत वर्ग भरतो. हा गुण खरा आहे, सार्वजनिक विद्यापीठांनी त्याचा हेवा करावा असा. पण प्रवेश कमी झाले की तोच अभ्यासक्रम तितक्याच चपळाईने बंदही होतो. तत्त्वज्ञान, पाली, ग्रंथालयशास्त्र यांना तिथे कुणी वाली मिळणे कठीण. शुल्क भरणाऱ्याला नियोजनात आवाज नाही. त्याचे मत म्हणजे प्रवेश घेणे किंवा न घेणे.

गंमत अशी की अण्णांचे विद्यापीठ या दोन्ही चौकटींत बसत नाही. ते खासगी होते, पण मतदार रस्त्यावरचा कुणीही. आज तसे कुणी काढू म्हणेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याचे कलम २२ आडवे येईल: कायद्याने स्थापलेल्या किंवा अभिमत विद्यापीठाशिवाय पदवी देण्याचा अधिकार कुणाला नाही. गृहीतागमा देणारी संस्था बोगस विद्यापीठांच्या यादीत गेली असती. छत्तीसगडमध्ये एका कायद्याच्या आधारे निघालेली ११२ खासगी विद्यापीठे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रद्द केली. ते पाहता हे कलम अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही.

आणखी एक विसंगती. हिंगण्याच्या ज्या संस्थेतून हे विद्यापीठ जन्मले, त्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. कमिन्सच्या नावाचे ते महाविद्यालय संलग्न झाले पुणे विद्यापीठाला, महिला विद्यापीठाला नव्हे. महिला विद्यापीठाने स्वतः जुहूला तंत्रज्ञान संस्था १९९७ मध्ये सुरू केली. जिथे गणित ऐच्छिक होते तिथे मुली आज अभियंत्या होतात. मात्र असे बरेचसे नवे अभ्यासक्रम विनाअनुदानित आहेत. म्हणजे सार्वजनिक विद्यापीठाच्या छपराखाली खासगी हिशेबाने चालणारे. शुल्कातून खर्च निघतो का, हा प्रश्न तिथेही आधी विचारला जातो.

उरली अधिसभा. २०१६ च्या कायद्यात नोंदणीकृत पदवीधरांना अधिसभेवर दहा जागा आहेत. वर्गणीदार मतदाराचा हा शेवटचा वंशज. मुंबई विद्यापीठात ही निवडणूक पुन्हा पुन्हा लांबणीवर पडत सप्टेंबर २०२४ मध्ये झाली आणि बातम्या आल्या त्या कोणत्या सेनेचे किती उमेदवार निवडून आले याच्या. उमेदवारांपैकी कुणाला कोणता अभ्यासक्रम बदलायचा होता, हे मला तरी कुठे वाचायला मिळाले नाही.

तुम्ही राज्यातल्या कोणत्याही सार्वजनिक विद्यापीठाचे पदवीधर असाल, तर नोंदणीकृत पदवीधरांच्या यादीत आपले नाव आहे का ते पाहा. नसेल तर नोंदणीचा अर्ज भरा. आणि पुढच्या निवडणुकीत मत मागायला कुणी आले, तर त्याला त्याच्या विषयाच्या अभ्यास मंडळाची शेवटची सभा कधी झाली, तेवढे विचारा.